गाडी पाणी कुठं टाकते? जुन्या गाड्यांच्या कूलंट गळतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च लागला की फोन सुरू होतात. कुणाची अँबॅसिडर लग्नाच्या वरातीत उकळते, कुणाच्या पद्मिनीखाली सकाळी डबकं दिसतं, कुणाची जीप शेतातून येईस्तोवर रेडिएटर कोरडा करते. मी मेकॅनिक नाही, शेतकरी आहे. दर्यापूर आणि मूर्तिजापूरच्या मधल्या पट्ट्यात राहतो आणि वडिलांची १९७७ची मार्क थ्री अँबॅसिडर गेली वीसेक वर्षं स्वतः सांभाळतो. त्यात जे हात भाजले आणि जे शिकलो, ते इथं एकत्र केलं आहे. उत्तरं मुख्यतः अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन आणि जुन्या पेट्रोल जीप डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. डिझेलवाल्यांनाही बहुतेक गोष्टी लागू पडतील.

"भाऊ, गाडी पानी पेते, पन गळत तं नाई कुठी. मंग जाते कुठी?"

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून पहिला. पाण्याला जायला वाटा मोजक्याच आहेत. एक, सरळ बाहेर गळतं. दोन, बाहेरच गळतं पण फक्त इंजिन तापून दाब चढल्यावर, आणि गरम लोखंडावर पडताच वाफ होऊन उडून जातं; तुम्ही गाडी थांबवून बघता तेव्हा सगळं कोरडं. तीन, सिलिंडरमध्ये शिरून सायलेन्सरमधून पांढऱ्या धुरासारखं निघतं. चार, इंजिन ऑइलमध्ये उतरतं. आणि पाच, गळती नसतेच, आपणच जास्त भरतो.

गावाकडे आणखी एक गंमत आहे. शेणानं सारवलेलं अंगण किंवा मुरमाची जागा थेंब पिऊन टाकते. रात्रभर शंभर थेंब पडले तरी सकाळी खूण नसते. गळती नाही असं म्हणण्याआधी गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेननं आखून ठेवा. सकाळी डाग कुठं आहे त्यावरून निम्मं उत्तर मिळतं.

रेडिएटर काठोकाठ भरला की दुसऱ्या दिवशी पाणी दोन बोटं खाली. हीसुद्धा गळतीच ना?

नाही. नव्या गाड्यांना बाजूला प्लॅस्टिकची बाटली असते, फुगलेलं पाणी तिच्यात जातं आणि गार झाल्यावर परत ओढलं जातं. आपल्या जुन्या गाड्यांना मुळात ती बाटली नव्हती. पाणी तापून फुगतं आणि जास्तीचं रेडिएटरच्या झाकणाखालच्या बारीक नळीतून रस्त्यावर जातं. मग पातळी तोंडापासून इंचभर खाली स्थिरावते आणि तिथंच राहते. आपण रोज सकाळी हौसेनं काठोकाठ भरतो, गाडी रोज तेवढंच थुंकते, आणि आपण म्हणतो गाडी पाणी पिते. चार दिवस वर न ओतता फक्त पातळी बघा. एका जागी थांबली तर विषय संपला. खाली खाली जात राहिली तर पुढं वाचा.

गळती नेमकी शोधायची कशी?

इंजिन रात्रभर गार झालेलं असताना, टॉर्च घेऊन, घाई न करता. आधी जुने डाग शोधा. कूलंट (पाण्यात मिसळायचं रंगीत रसायन) वाळलं की हिरवट किंवा पांढरा खरखरीत थर राहतो; नुसतं पाणी असेल तर गंजाची तांबूस रेघ. रेघ जिथं संपते तिथं नव्हे, जिथं सुरू होते तिथं गळती असते. पंखा पाणी मागे उडवतो, त्यामुळे पाण्याच्या पंपातून गळणारं पाणी डिस्ट्रिब्युटरवर दिसू शकतं आणि बिचाऱ्या हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्याच्यावरचं हेड यांच्या मधल्या पातळ सीलवर, आळ येतो.

मग संशयाची जागा चिंधीनं कोरडी पुसून तिच्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा. इंजिन सुरू करून तापू द्या. पावडरीत ओली रेघ उमटते, अगदी सुईच्या टोकाएवढ्या भोकातूनही. चालू पंख्यापासून हात, गमछा आणि शर्टाची बाही लांब ठेवा.

तिसरी युक्ती दाबाची. दाब तपासायचा पंप विकत मिळतो. आमच्याकडे मात्र जुन्या झाकणाला मधोमध भोक पाडून त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला आहे. थंड इंजिनवर ते झाकण लावायचं आणि पायपंपानं गाडीच्या झाकणावर लिहिलेल्या पौंडांएवढीच हवा भरायची. काटा दहा मिनिटं तसाच राहिला तर बाहेर गळती नाही. उतरला तर कान लावा, फुसफुस ऐकू येते. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मात्र चुकूनही लावू नका. सात पौंडांसाठी बनलेला रेडिएटर तीस पौंडांत फुटतो, आणि ते पाप माझ्या हातून घडलेलं आहे.

हिरव्या कूलंटपैकी बऱ्याच प्रकारांत असा रंग असतो की जांभळ्या अतिनील टॉर्चखाली तो चमकतो. रात्री विंचू शोधायला शेतात नेतो तीच टॉर्च. अंधारात बॉनेट उघडून मारून बघा.

रेडिएटरचं झाकण तर साधं पत्र्याचं. त्यानं काय होणार?

झाकणानं सगळं होतं. कुकरची शिट्टी काढून भात शिजवून बघा.

बंद दाबाखाली पाणी उशिरा उकळतं. दर एक पौंड दाबाला उकळबिंदू साधारण दीड अंशानं वर जातो. सात पौंडांचं झाकण असेल तर १०० अंशांऐवजी सुमारे १११-११२ अंशांपर्यंत पाणी टिकतं. स्प्रिंग थकली, रबर कडक झालं, की तो फायदा गेला. मग मेच्या उन्हात ९९ अंशांवरच पाणी उकळून नळीतून बाहेर पडतं आणि लोक हेड उघडायला निघतात.

मी स्वतः हेच केलं. तालुक्याच्या गावातल्या एका गॅरेजनं 'गॅस्केट गेलं' म्हणून हेड उतरवलं, फेसिंग केलं (हेडचा तळ घासून सपाट केला), नवं गॅस्केट टाकलं. आठवड्यानं गाडी पुन्हा तशीच. शेवटी एका म्हाताऱ्या ट्रॅक्टर मिस्त्रीनं झाकण हातात घेऊन अंगठ्यानं दाबलं आणि म्हणाला, "याची स्प्रिंग पाह्य ना बापू आधी." झाकण बदललं, गाडी बरी झाली. तेव्हापासून माझा नियम: झाकण आणि त्याची बैठक तपासल्याशिवाय पाना उचलायचा नाही.

बैठक म्हणजे रेडिएटरच्या तोंडातली ती गोल कड जिच्यावर रबर टेकतं. तिथं पोचा असेल किंवा क्षार साचला असेल तर नवं झाकणही बसत नाही. झाकणांच्या खोलीतही फरक असतो. कमी खोलीचं झाकण खोल तोंडाला लावलं तर ते कड्यापर्यंत पोचतच नाही, आणि वरून बघताना घट्ट बसलेलं दिसतं. दुसरी चूक उलट टोकाची: नव्या गाडीचं तेरा-पंधरा पौंडांचं झाकण 'जास्त मजबूत' म्हणून लावणं. चाळीस वर्षांचे डाख (वितळलेल्या धातूनं जोडलेले सांधे) आणि पाईप त्या दाबाला सोसत नाहीत.

गाडी गार झाल्यावर वरचा पाईप पिचकलेला दिसला तर तेही झाकणाचंच दुखणं. त्याच्या मधली छोटी झडप हवा आत घेत नाही आहे.

बोअरचं पाणी चालतं का? आयुष्यभर तेच घातलं आहे.

आणि म्हणूनच गळते आहे. मला विचाराल तर विदर्भातल्या जुन्या गाड्यांच्या निम्म्या गळत्यांचा जन्म बोअरवेलमध्ये होतो.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या ज्या पट्ट्याला आपण खारपाणपट्टा म्हणतो, तिथलं भूजल खारट आहे. जे पाणी प्यायला नको, पिकाला नको, ते रेडिएटरला कसं चालेल? त्यातले क्लोराइड लोखंड, पितळ आणि ॲल्युमिनियम तिन्ही खातात. पट्ट्याबाहेर राहत असाल तरी बोअरचं पाणी बहुधा जड असतं. तापल्यावर त्यातला चुना भांड्याच्या बुडाला बसतो तसा ब्लॉकच्या आत बसतो. पाणी तापवायच्या बंबात हात घालून बघा, तोच थर तुमच्या सिलिंडरभोवती आहे. त्या थरातून उष्णता पाण्यात नीट जात नाही, आणि काटा चढतो.

घालायचं काय? बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणी सगळ्यात चांगलं. गाडीला पाच-दहा लिटर लागतं आणि ते दोन वर्षं राहतं, त्यात काटकसर कशाला. आरओच्या जारचं पाणी दुसऱ्या क्रमांकावर. पावसाचं, स्वच्छ पत्र्यावरून आणि पहिल्या दोन-तीन सरी सोडून धरलेलं पाणीही उत्तम; आमच्याकडे घागरीत साठवलेलं असतं. वाटेत अडलात तर मिळेल ते घाला, घरी आल्यावर काढून टाका.

इथं बर्फ पडत नाही. मग कूलंट कशाला?

गोठण्यापासून वाचवणं हे कूलंटचं एक काम झालं. आपल्याला त्याची दुसरी कामं हवी आहेत: गंज रोखणं, उकळबिंदू थोडा वाढवणं. उष्णता वाहून न्यायला मात्र साधं पाणीच जास्त चांगलं. म्हणून पन्नास टक्के कूलंट घालायचा हट्ट इथं नको. तीस-पस्तीस टक्के कूलंट आणि बाकी डीएम पाणी, असं मी घालतो. आधीच पाणी मिसळून विकलेलं कूलंट असेल तर त्यात आणखी पाणी घालू नका. डब्यावर लिहिलेलं असतं.

तांबं-पितळेचा, डाख लावलेला जुना रेडिएटर असेल तर जुन्या पद्धतीचं सिलिकेटयुक्त कूलंट घ्या, ते बहुधा हिरवं असतं आणि दर दोन वर्षांनी बदलावं लागतं. नव्या गाड्यांसाठीचं 'पाच वर्षं चालणारं' कूलंट जुन्या डाखांना आणि सीलना मानवेलच असं नाही. रंगावर मात्र भरवसा ठेवू नका. रंग हा कंपनीचा शौक आहे, त्याला कायदा नाही. डब्यावरचं वाचा आणि दोन प्रकार एकत्र करू नका.

रेडिएटर गळतो. डाख लावू की नवा ॲल्युमिनियमचा टाकू?

तांब्या-पितळेचा असेल तर शक्यतो डाख. जुना रेडिएटर दुरुस्त होण्यासाठीच बनवलेला आहे. जाणता रेडिएटरवाला तो उतरवून दोन्ही तोंडं बंद करतो, पाण्याच्या टाकीत बुडवून हवा भरतो आणि बुडबुडे बघतो. पंक्चर काढण्याचीच रीत. वरच्या टाकीच्या शिवणीत किंवा बाजूच्या पट्टीजवळ भोक असेल तर साफ करून डाख देतो. जाळीच्या मधली एखादी नळी फुटली असेल तर तिची दोन्ही टोकं डाखून ती बंद करतात. दोन-तीन नळ्या बंद झाल्या तर चालतं. दहा झाल्या तर आपल्या उन्हाळ्यात चालणार नाही, जाळी बदलावी लागेल.

रेडिएटर उतरलाच आहे तर वरची टाकी उघडून नळ्यांमधून पट्ट्या फिरवून घ्या. त्याच्याशिवाय आतला चुना जात नाही. तेजाबानं धुऊन देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

बाहेरून एम-सील लावलेला रेडिएटर मात्र डाखवाल्याला दुप्पट काम देतो. ते सगळं खरवडल्याशिवाय डाख धरत नाही. घरी पोचण्यापुरतं लावलं असेल तर ठीक, तीन वर्षं तसंच ठेवू नका.

पाण्याच्या पंपाच्या खालून थेंब थेंब येतं. भोक बुजवून टाकलं तर?

नका बुजवू! ते भोक मुद्दाम ठेवलेलं आहे. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये जाण्याआधी त्या वाटेनं बाहेर पडावं आणि मालकाला कळावं, एवढंच त्याचं काम. ते बुजवलं तर पाणी बेअरिंगमध्ये जातं, बेअरिंग बसतं, आणि एक दिवस पंखा डुगडुगत रेडिएटरमध्ये घुसतो. तेव्हा तुम्हाला पंप आणि रेडिएटर दोन्ही लागतात.

इंजिन बंद असताना पंख्याचं पातं धरून पुढेमागे हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग गेलं. अँबॅसिडरच्या पंपाचं किट घालून दुरुस्ती होते, पण शाफ्टला खाच पडली असेल तर नवं सील महिनाभरही टिकत नाही. पंख्याचा पट्टा फार ताणणं हे बेअरिंग जाण्याचं मोठं कारण. लांब बाजूच्या मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर पट्टा अर्धा इंच दबला पाहिजे.

इंजिनच्या बाजूला, सायलेन्सरच्या फांदीखालून गळतं. तिथं तर पाईपच नाही.

तिथं कोअर प्लग आहेत. ब्लॉक ओतताना साच्यातली वाळू काढायला ठेवलेली गोल भोकं, आणि त्यात ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या वाट्या किंवा चकत्या. त्या आतून गंजतात, कारण ब्लॉकच्या तळाला गाळ साचतो आणि वाटीच्या पाठीशी तो वर्षानुवर्षं ओला बसून असतो. बाहेरून रंग छान असतो, आतून पापुद्रा उरलेला. स्क्रूड्रायव्हरनं हलकं टोचलं तर टोक आत जातं.

काढायची रीत: पाणी काढा, वाटीच्या कडेला ठोकून ती भोकात तिरपी फिरवा आणि पक्कडीनं ओढा. आत पडू देऊ नका. भोकाची कड बारीक पॉलिश पेपरनं चकचकीत करा, जरासा सीलंट लावा. वाटीच्या आकाराची असेल तर तिच्या आतल्या मापाच्या सॉकेटनं सरळ ठोकत बसवा. फुगीर चकती असेल तर फुगवटा बाहेर ठेवून मधोमध एक नेमका ठोसा, म्हणजे ती पसरून घट्ट होते. माप व्हर्नियरनं भोकाचं घ्या, जुन्या प्लगचं नको. अँबॅसिडरचं सगळं गणित इंचात आहे हे विसरू नका. पितळेचे मिळाले तर पितळेचेच घ्या.

आणि एक प्लग काढलात तर सगळेच बदला. एकाच वयाचे आहेत ते. भोकं उघडी असताना तारेनं आतला गाळ उकरून काढा. माझ्या गाडीतून पहिल्यांदा निघालेला गाळ तगारीत मावत नव्हता, रंग थेट काळ्या मातीचा. गिअरबॉक्सच्या बाजूनं, क्लच हाउसिंगच्या तळातून पाणी टपकत असेल तर मागच्या टोकाचा प्लग गेलेला असू शकतो. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेव्हा क्लचही बघून घ्या.

पाईप किती वर्षांनी बदलायचे?

चार-पाच वर्षांनी, दिसायला चांगले असले तरी. रबर आतून सडतं. दाबल्यावर कुरकुरलं किंवा क्लिपजवळ फुगलं की लगेच. सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून गावापर्यंत येता येतं, मीही आलो आहे.

हेड गॅस्केट गेलं आहे हे नक्की कसं समजायचं?

या खुणा बघा, आणि एकीवर विसंबू नका.

थंड इंजिन, झाकण उघडं, पाणी तोंडाशी. गाडी सुरू करा. पहिल्या मिनिटाला थोडे बुडबुडे येतात ते अडकलेल्या हवेचे. पण ॲक्सिलरेटरच्या तालावर बुडबुडे येत राहिले, पाणी उसळलं, तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतो आहे. ऑइलची काडी काढून बघा: ऑइल ताकासारखं पांढरट झालं असेल तर पाणी मिसळलं. फक्त ऑइल ओतायच्या झाकणाच्या आत थोडी पिवळसर साय दिसली तर घाबरू नका. हिवाळ्यात गावातल्या गावात गाडी फिरवली की तेवढी साय जमते.

स्पार्क प्लग काढा. तीन काळपट आणि एक वाफेनं धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर पाणी त्याच सिलिंडरमध्ये जातं. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचं सारखंच कमी आलं तर गॅस्केट त्या दोघांच्या मधून उडालं. अँबॅसिडरमध्ये दोन आणि तीन नंबरची एक्झॉस्टची वाट एकच आहे, त्यामुळे हेडचा मधला भाग सगळ्यात जास्त तापतो आणि तिथंच गॅस्केट आधी दम तोडतं. निळ्या द्रावणाची चाचणीही असते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली आणि द्रावण पिवळं झालं तर पेट्रोल इंजिनचा जळका वायू पाण्यात आहे, यात शंका उरत नाही.

पांढरा धूर? डिसेंबरच्या सकाळी तो प्रत्येक गाडीतून निघतो. इंजिन पूर्ण तापल्यावरही निघाला आणि गोडसर वास आला तरच मनावर घ्या.

हेड उघडलंच तर काय काळजी घ्यायची?

पूर्ण गार असताना उघडा. नट बाहेरून आत, थोडे थोडे, सगळे सारखे सैल करत जा. जुनं गॅस्केट ॲस्बेस्टॉसचं असू शकतं, ते कोरडं घासून धूळ उडवू नका. ओलं करून खरवडा आणि तोंडाला मास्क बांधा.

हेडवर पोलादी सरळ पट्टी उभी धरून खालून पातळ गेज सरकतं का ते लांबीत, रुंदीत आणि कर्णात बघा. दोन-तीन शतांश मिलिमीटर सोडून द्या. एक दशांश गेला तर फेसिंगला द्या. ब्लॉकवरही पट्टी धरा, ते सगळे विसरतात. फेसिंगला देताना लेथवाल्याला सांगा, कमीत कमी काढ. जास्त काढलं तर कॉम्प्रेशन वाढून टकटक सुरू होते.

बसवताना नट मधून सुरू करून गोल गोल बाहेर जात, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं आवळायचे. आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधला घ्या, मिस्त्रीच्या दंडाचा नको. गाडी तापवून, पूर्ण गार करून, पुन्हा एकदा बघा. पाचशे किलोमीटरनंतर परत एकदा. दर वेळी टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट तपासावी लागते.

पद्मिनीच्या हेडला पाण्याच्या भोकाजवळ खड्डे पडले आहेत.

पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा (ओतीव लोखंडाचा) आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली की. त्यात हरतं ॲल्युमिनियम. शिवाय बिडापेक्षा ते जवळपास दुप्पट पसरतं, म्हणून एकदा जोरात तापलं की वाकतं. खड्डा सिलिंडरच्या कडीपासून लांब असेल तर आर्गन वेल्डिंगनं भरून फेसिंग करता येतं. खड्ड्यात एम-सील भरून गॅस्केट बसवलेली पद्मिनी मी बघितली आहे. ती त्याच महिन्यात परत उघडली.

सगळे मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगतात. काढू?

मी काढत नाही. इथं माझं आणि गावातल्या प्रत्येक मिस्त्रीचं भांडण आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरणारी झडप. थर्मोस्टॅट नसला की इंजिन हिवाळ्यात गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये ओल राहते. उन्हाळ्यात फरक पडत नाही, कारण तोवर तो पूर्ण उघडलेला असतो. अडकलेला थर्मोस्टॅट मात्र नक्की काढा आणि नवा टाका. पातेल्यात पाणी उकळून त्यात दोरीनं टांगून बघा: ८० अंशांच्या आसपास उघडला तर चांगला. त्यावर छापलेला आकडा बघा.

अँबॅसिडरच्या थर्मोस्टॅटवरची ॲल्युमिनियमची कोपरी स्टडवर गंजून बसते. पाचर घालून उचकटली तर तुटते. दोन दिवस गंज सोडवायचं तेल सोडा, लाकडी हातोडीनं टकटक करा, धीर धरा.

रेडिएटरमध्ये हळद टाकली तर गळती बंद होते म्हणतात. खरं का?

होते. हळद पाण्यात फुगते आणि बारीक भोकात जाऊन बसते. ती भोक आणि रेडिएटरची चांगली नळी यांत फरक करत नाही, एवढीच अडचण आहे. रात्री आडरानात अडकलात, गळती बारीक आहे आणि घर वीस किलोमीटरवर, तर दोन चमचे टाका आणि या. दुसऱ्या दिवशी सगळं धुऊन काढा. बाजारातली गळतीबंद पावडरही याच जातीची. अंडं फोडून टाकणाऱ्यांनाही ओळखतो. त्यांच्या रेडिएटरचा वास विसरता येत नाही.

चिखलदऱ्याच्या घाटात गाडी उकळली. काय करायचं?

बाजूला घ्या. झाकणाला हात लावू नका. ओला गमछा धरून 'थोडंसंच' फिरवणाऱ्यांचे भाजलेले हात मी पाहिले आहेत. बॉनेट उघडा आणि किमान पाऊण तास सावलीत बसा. वरचा पाईप हातानं धरता आला की झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवून उरलेली वाफ जाऊ द्या, मग काढा. इंजिन चालू ठेवून कोमट पाणी बारीक धारेनं घाला. तापलेल्या बिडावर झऱ्याचं गार पाणी ओतलं की तडा जातो, आणि तड्याला डाख नाही.

परतवाड्याहून वर चढताना दोन गोष्टी तुमच्या विरोधात असतात. चढ, आणि उंची. चिखलदरा अकराशे मीटरच्या वर आहे, तिथं उघडं पाणी ९६ अंशांच्या जवळपासच उकळतं. म्हणून खालच्या गिअरमध्ये, इंजिन थोडं फिरतं ठेवून चढा. टॉपमध्ये रेटू नका. वर पोचल्यावर लगेच चावी बंद करू नका. पंखा आणि पंप थांबले की ब्लॉकमधली उष्णता पाण्यात उतरून काटा आणखी चढतो. दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवा.

गळती कुठंच नाही, तरी तापते.

मग रेडिएटरच्या बाहेरून बघा. कापसाच्या हंगामात, जिनिंगच्या आजूबाजूला फिरणाऱ्या गाड्यांच्या जाळीत रुईचे तंतू अडकतात, त्यावर धूळ बसते आणि आरपार वारा जात नाही. मागून, म्हणजे पंख्याच्या बाजूनं, हलक्या धारेनं धुवा. मग पट्टा सरकतो का, इग्निशनचं टायमिंग मागे आहे का, ब्रेक धरून ठेवतात का, ते बघा.

काढलेलं जुनं कूलंट कुठं टाकू?

नालीत नाही, उकिरड्यावर नाही, बांधावर तर नाहीच. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जीवघेणं विषारी असतं. कुत्रं, शेळी, वासरू ते आवडीनं चाटतं आणि त्याची किडनी निकामी होते. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, 'विष' लिहा, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि शहरातल्या मोठ्या वर्कशॉपला द्या. सांडलं तर भरपूर पाण्यानं धुवा आणि जागा मातीनं झाका. जनावरानं चाटल्याचा संशय जरी आला तरी लक्षणांची वाट न बघता डॉक्टर गाठा.

सुटे भाग मिळतात कुठं? अँबॅसिडर तर २०१४ पासून बनतच नाही.

मिळतात. अँबॅसिडरसाठी कोलकात्याचा मल्लिक बाजार, पद्मिनीसाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, आणि दोन्हींसाठी दिल्लीचं कश्मीरी गेट. पाईप आणि क्लिपसाठी एवढं लांब जायची गरज नाही. जुना पाईप हातात घेऊन तालुक्याच्या ट्रॅक्टर स्पेअरच्या दुकानात जा आणि आतला व्यास आणि वळण जुळवून बघा. माझ्या गाडीचा खालचा पाईप ट्रॅक्टरचाच आहे, एका टोकाला दोन बोटं कापून बसवलेला.